सिरक्याचा कांदा : आंबट, गोड, तिखट आणि तासाभरात तयार

आम्ही दोघी जावा. घर एक, चूल एक आणि डब्यातल्या मिठाला हातही दोघींचेच. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात कांद्याचे कौतुक कुणाला नसते. रस्त्याने जाताना ट्रॅक्टरमधून घरंगळलेला कांदा पायाखाली येतो, इतका तो आमच्या जगण्यात आहे. लासलगावची बाजारपेठ जवळ. आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ती ओळखली जाते. आमच्यापैकी धाकटीच्या नवऱ्याचा पिकअप आहे. शेतकऱ्याचा कांदा खळ्यावरून लिलावापर्यंत नेणे हा त्यांचा धंदा.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव कोसळले. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे भाडे द्यायला पैसे उरले नाहीत. मान खाली घालून त्याने दोन गोण्या लाल कांदा आमच्या ओट्यावर उतरवला आणि म्हणाला, "भाऊ, एवढं घ्या, बाकीचं पुढच्या हंगामात." नको म्हणणे म्हणजे त्याचा अपमान. आम्ही ठेवून घेतला.

पण लाल कांदा म्हणजे उन्हाळ कांदा नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने काढतो. पावसाळ्यानंतर निघणाऱ्या लाल, म्हणजे पोळ कांद्यात पाणी जास्त आणि साल पातळ. चार-सहा आठवड्यांत त्याला कोंब फुटायला लागतात. दोन गोण्या कांदा आणि खाणारी माणसे सात. रोज भाजीत, आमटीत, थालीपिठात घालूनही गोणी हलेना.

त्याच दिवसांत घरात दुसरी काळजी होती, आणि ती कांद्याहून मोठी होती.

अब्बांचे जेवण

मरहूम अम्मी त्या पावसाळ्यात आम्हाला सोडून गेल्या. तेव्हापासून अब्बांचे जेवणावरून मन उडाले होते. त्यात रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि बजावले, "लोणचं, पापड, सुकट बंद." अब्बांना लोणच्याशिवाय घास उतरत नसे. अम्मींच्या हातची कैरीच्या लोणच्याची शेवटची बरणी फळीवर होती. ती आम्ही मागे सरकवली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. अर्धी भाकरी खाऊन उठायचे, एवढेच.

फेब्रुवारी संपत आला. रमजान तोंडावर आला होता. अब्बांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून रोजा सोडलेला नाही. ते डॉक्टरांना विचारायला गेले, तेव्हा उत्तर मिळाले, "चाचा, वजन चार किलो कमी झालंय. आधी जेवण सुधारू द्या, मग रोज्यांचं बघू." त्या दिवशी ते घरी आले आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रात्री दस्तरखानवर बसल्यावर त्यांनी सहज विचारले, "तुमच्या अम्मी पाहुणे आले की तो सिरक्याचा कांदा करायच्या, तो येतो का कुणाला?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. खाल्ला दोघींनी होता, केला एकीनेही नव्हता. अम्मी तो पाच मिनिटांत उरकत आणि आम्ही तेव्हा बिर्याणीच्या डेगचीशी झुंजत असू. कुठे लिहून ठेवलेलेही नव्हते.

दोनदा बिघडला

पहिल्यांदा आम्ही निव्वळ सिरका ओतला. कांदा इतका आंबट झाला की अब्बांना ठसका लागला. दुसऱ्यांदा त्याची भरपाई म्हणून एक भाग सिरका आणि तीन भाग पाणी घातले, भरपूर गूळ टाकला आणि बरणी फळीवर तशीच ठेवून दिली. लोणचे म्हणजे टिकणारच, असा आमचा समज. पाचव्या दिवशी झाकण उघडले तर आत फेस, पाणी गढूळ आणि वासही वेगळाच. चव बघायच्या आधीच थोरलीने ती बरणी ओतून टाकली. टाकताना दोघींच्या जिवावर आले. अन्न वाया घालवणे आपल्या घरात पाप मानले जाते. पण आजारी माणसाच्या ताटात शंकेचा घास वाढणे त्याहून वाईट, असे त्या दिवशी आम्ही ठरवले आणि आजही तेच मानतो.

मग जरा शांतपणे समजून घेतले. तेल-मिठाचे लोणचे टिकते ते भरपूर मिठामुळे आणि तेलाच्या थरामुळे. सिरक्याचा कांदा टिकतो तो आंबटपणामुळे. पाणी वाढवले की आंबटपणा कमी होतो आणि जंतूंना मोकळीक मिळते. वर गोडी असली तर त्यांना खाऊही मिळतो. म्हणून या कांद्याचा पहिला नियम असा की सिरक्यापेक्षा पाणी कधीही जास्त नको. आम्ही दोन भाग सिरका आणि एक भाग पाणी घेतो. दुसरा नियम म्हणजे हा कांदा फ्रीजमध्येच ठेवायचा. हे वर्षभराचे लोणचे नाही, आठ-पंधरा दिवसांचे आहे.

यातच आमच्या अब्बांसाठी एक सोय निघाली. या कांद्याचे रक्षण सिरका करतो, मीठ नव्हे. त्यामुळे मीठ चवीपुरते ठेवले तरी बिघडत नाही. कैरीच्या लोणच्यात ही सवलत नसते.

काय काय लागते

एक लिटरच्या काचेच्या बरणीसाठी आमचे माप असे :

• मध्यम आकाराचे घट्ट लाल कांदे – अर्धा किलो
• सिरका (बाटलीवर व्हिनेगर लिहिलेले असते) – ३०० मि.ली.
• पाणी – १५० मि.ली.
• चिरलेला गूळ – ४ मोठे चमचे (साधारण ६० ग्रॅम)
• मीठ – १ सपाट लहान चमचा (साधारण ५ ग्रॅम)
• हिरव्या मिरच्या – ४, मधोमध चिरलेल्या
• सुक्या लाल मिरच्या – २, मोडून
• आले – बोटाच्या पेराएवढे, बारीक काड्या करून
• काळे मिरे – १०
• मोहरी – अर्धा लहान चमचा
• लवंगा – २ आणि दालचिनीचा लहान तुकडा

ज्यांना मिठाचे पथ्य नाही त्यांनी मीठ दीड चमचा घ्यायला हरकत नाही. तिखट जास्त हवे असेल तर सुक्या मिरच्यांमध्ये एक लवंगी घाला. रंग आणि हलके तिखट हवे असेल तर बेडगी घ्या. लहान मुले खाणार असतील तर हिरव्या मिरच्या न चिरता अख्ख्या टाका, वास उतरतो पण तिखटपणा फारसा उतरत नाही.

सिरका कोणता घ्यावा?

दुकानात दोन प्रकार मिळतात. एक आंबवून केलेला, उसाचा, जांभळाचा, सफरचंदाचा वगैरे. दुसरा अॅसेटिक अॅसिडपासून केलेला, त्यावर 'सिंथेटिक' असे छापलेले असते. तो स्वस्त आणि पांढरा असतो, चव एकेरी आणि जरा टोचणारी असते. दोन्ही चालतात. पण आम्हाला उसाचा सिरका आवडतो. त्याची चव गोल असते आणि गुळाशी जमते. कोणताही घ्या, लेबलवर आंबटपणाचे प्रमाण वाचा. ४ ते ५ टक्के असावे. त्याहून कमी असेल तर पाणी आणखी कमी करा.

काही दुकानांत तीव्र अॅसेटिक अॅसिडची बाटली मिळते आणि पाणी घालून घरीच सिरका करा, पैसे वाचतात, असे सांगणारेही भेटतात. बहिणींनो, तसे करू नका. त्या अॅसिडने कातडी आणि डोळे भाजतात, आणि माप चुकले तर पोटातही इजा होते. चाळीस-पन्नास रुपये वाचवायला एवढा धोका नको.

आपल्या घरांत सिरका हलाल की नाही, हा प्रश्नही हमखास येतो. सिरका हे आपल्या दस्तरखानचे जुने अन्न आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी घरी सालन मागितले, तेव्हा सिरक्याशिवाय काही नाही असे उत्तर आले. त्यांनी तोच मागवला, भाकरीबरोबर खाल्ला आणि सिरका हे उत्तम सालन असल्याचे म्हटले. जाबिर (रजि.) सांगतात की तेव्हापासून आपल्यालाही सिरका आवडू लागला. घरात जे आहे ते आनंदाने खावे, नावे ठेवू नयेत, हा धडा आम्ही दोघींनी मुलांना याच प्रसंगावरून दिला.

ऊस, सफरचंद, जांभूळ यांच्या सिरक्याबद्दल शंकेचे कारण नाही. परदेशी बाटल्यांवर कधी कधी वाइनपासून केलेला असे लिहिलेले असते. दारू आपोआप आंबून सिरका झाली तर तो हलाल, यावर उलेमांचे एकमत आहे. मुद्दाम काही घालून तिचा सिरका केला तर मात्र मते वेगळी आहेत. हनफी उलेमा तो जायज मानतात, शाफई उलेमा मानत नाहीत. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई, घाटावर हनफी जास्त. एकाच लग्नघरात दोन्हीकडचे पाहुणे असतात. म्हणून आम्ही सरळ उसाचा सिरका घेतो आणि प्रश्नच मिटवतो.

कृती

१. बरणी. काचेची बरणी साबणाने धुऊन गरम पाण्याने विसळा आणि उन्हात पालथी घालून कोरडी करा. आत पाण्याचा थेंब राहू देऊ नका. झाकण पत्र्याचे असेल तर आतून प्लास्टिकचा कागद लावा, सिरका पत्र्याला गंज आणतो.

२. कांदा. कांदे सोला. बाहेरच्या सालीवर काळी काजळी असेल तर ती साल काढून कांदा धुऊन घ्या. काजळी आतल्या पापुद्र्यांपर्यंत गेली असेल किंवा कांदा मऊ पडला असेल तर तो या कामाला नको. कोंब नुकता फुटलेला कांदा चालतो, मधला हिरवा भाग काढून टाकला की झाले. चिरताना मुळाकडचा भाग शेवटपर्यंत ठेवा. चिरण्याआधी कांदे वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवले आणि सुरीला धार असली तर डोळ्यांत पाणी कमी येते. गोल चकत्या करा, जाडी ३-४ मिलिमीटर. अगदी कागदासारख्या पातळ केल्या तर दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होतात.

३. उग्रपणा काढणे. चकत्या थंड पाण्यात दहा मिनिटे बुडवा, निथळा आणि स्वच्छ कापडावर पसरून पाणी टिपून घ्या. कांदा गोडसर असेल तर हे करायची गरज नाही.

४. भरणे. बरणीत कांदा, हिरव्या मिरच्या आणि आल्याच्या काड्या थराथराने भरा. दाबून भरा, पण चकत्या मोडू नका.

५. पाक. स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि गूळ गरम करा. गूळ विरघळला की गाळून घ्या. गुळात माती आणि उसाचा चोथा असतो, तो बरणीत गेला तर कांदा खाताना दाताखाली येतो. गाळलेले पाणी पुन्हा आचेवर ठेवून त्यात मीठ, मिरे, मोहरी, लवंगा, दालचिनी आणि सुक्या मिरच्या घाला. दोन मिनिटे उकळा. आता सिरका घाला, एक उकळी येऊ द्या आणि लगेच गॅस बंद करा. जास्त उकळले तर आंबटपणा वाफेबरोबर उडतो. या वेळी खिडकी उघडी ठेवा आणि पातेल्यावर वाकू नका, वाफ नाकात आणि डोळ्यांत झोंबते. अॅल्युमिनियमचे, लोखंडी किंवा तांब्याचे भांडे वापरू नका. सिरका धातूला खातो आणि तो अंश पाकात उतरतो.

६. ओतणे. बरणी आधी कोमट पाण्याने बाहेरून शेकून कोरड्या फडक्यावर ठेवा, म्हणजे काच तडकणार नाही. दोन-तीन मिनिटे थांबून गरम पाक थोडा थोडा ओता. कांदा पूर्ण बुडाला पाहिजे. वर आलेल्या चकत्या कोरड्या चमच्याने खाली दाबा.

७. मुरणे. झाकण अलगद ठेवून निवू द्या. अर्ध्या-पाऊण तासात कांद्याचा जांभळा रंग पाकात उतरतो आणि सगळी बरणी गुलाबी होते. हा रंग कांद्यातल्या अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. आंबट मिळाले की ते असे खुलते, बाहेरून काही घालावे लागत नाही. तासाभरात कांदा वाढण्याजोगा होतो. निवल्यावर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. खरी चव दुसऱ्या दिवशी लागते, तिसऱ्या दिवशी सर्वात छान.

तिसऱ्यांदा असा केला तेव्हा मगरिबनंतर अब्बांसमोर वाटीभर ठेवला. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि हा कांदा. आम्ही स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होतो. त्यांनी एक चकती उचलली, तोंडात टाकली, थांबले. मग भाकरी मोडली. त्या रात्री अब्बांनी दीड भाकरी खाल्ली.

किती दिवस, कुणाला किती

फ्रीजमध्ये हा कांदा दोन आठवडे चांगला राहतो. आम्ही बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवतो, कारण सात माणसांच्या घरात 'कधी केला होता?' याचे उत्तर सातही वेगळे येते. चमचा कोरडा हवा, आणि उष्टा चमचा तर मुळीच नको. पाकाला फेस आला, तार धरली, वास बदलला किंवा वर पांढरा थर दिसला तर चाखून बघू नका, टाकून द्या. लसूण घातला असेल आणि तो निळसर-हिरवा झाला तर मात्र घाबरू नका. सिरक्यात लसणाचा रंग असा बदलतो, त्याने बिघडत नाही.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा वीज सारखी जाते त्यांनी सकाळी वाटीभर करून रात्रीपर्यंत संपवावा. बरणी भरून ठेवू नये. वर तेलाची फोडणी ओतली की टिकतो, असा एक गैरसमज आहे. तेलाने या कांद्याचे संरक्षण होत नाही. चवीसाठी फोडणी हवी असेल तर वाढताना वाटीत घाला.

आता मिठाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मोठ्या माणसाने दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आमच्या मापाने केलेल्या बरणीत मिळून ५ ग्रॅम मीठ आहे, आणि बरणीतला ऐवज एक किलोच्या आसपास. म्हणजे दोन मोठे चमचे कांद्यातून, साधारण ३० ग्रॅम धरले तर, पाव ग्रॅमपेक्षाही कमी मीठ पोटात जाते. तरीही आम्ही अब्बांच्या डॉक्टरांना माप दाखवले आणि मगच रोज वाढू लागलो. तुमच्या घरी रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील तर तुम्हीही विचारा. बाजारात 'कमी सोडियम' म्हणून जे मीठ मिळते ते डॉक्टरांना न विचारता वापरू नका. त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना व रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी समजूत करून घेऊ नये. गुळानेही रक्तातली साखर वाढते. त्यांच्यासाठी गूळ एक चमचाच घाला किंवा गाळा, कांदा तरीही टिकतो. पित्ताचा आणि अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी मात्र यापासून लांबच राहावे. रोज्यात इफ्तारला रिकाम्या पोटी हा कांदा खाऊ नये. खजूर, पाणी, थोडे जेवण झाल्यावर दोन चकत्या घ्याव्यात.

कशाबरोबर वाढावा

जुम्याच्या बिर्याणीबरोबर तर हा हवाच. मोहरमचा खिचडा, दालचा-भात, सीख कबाब, ईदुल अजहाच्या दिवसांतले चरबीचे मटण, या सगळ्या जड पदार्थांना त्याचा आंबटपणा हलके करतो. पण तो केवळ दावतीचा पदार्थ मानू नका. ज्या दिवशी घरात फक्त मुगाची आमटी आणि भात असतो त्या दिवशी त्याची खरी किंमत कळते. मुलांच्या डब्यात पोळीत अंडे आणि चार चकत्या गुंडाळून दिल्या तर डबा रिकामा परत येतो. उरलेला गुलाबी पाकही टाकू नका. दोन चमचे काकडीच्या कोशिंबिरीत घाला, किंवा मटणाला मसाला लावताना दह्याऐवजी वापरा. मात्र त्याच पाकात नवा कांदा पुन्हा घालू नका, त्याचा आंबटपणा आधीच्या कांद्याने खाल्लेला असतो.

रायगडकडच्या भगिनींना अलिबागचा पांढरा कांदा मिळतो, वेणी घालून माळेने विकतात तो. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो मुळातच गोड. त्याचा करायचा असेल तर गूळ अर्धा करा. रंग गुलाबी येणार नाही, हवा असल्यास बीटाची एक चकती टाका. तळलेल्या मासळीबरोबर आणि तांदळाच्या भाकरीबरोबर तो फार छान लागतो, असे आमची कोकणातली नणंद सांगते.

एक अदब मात्र सांभाळावी. कच्चा कांदा-लसूण खाऊन मस्जिदीत येऊ नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे, कारण शेजारच्या नमाजीला त्या वासाचा त्रास होतो. हजरत उमर (रजि.) यांनीही, खायचेच असेल तर शिजवून वास मारून खा, असे सांगितले होते. गरम पाक ओतल्याने या कांद्याचा वास कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून आमच्याकडे पुरुषमंडळींच्या ताटात तो इशाच्या नमाजनंतरच येतो. त्याआधी खाल्लाच तर तोंड नीट स्वच्छ करून, वास गेल्याची खात्री करूनच जमातीला जायचे.

शेवटी

कांद्याने अब्बा बरे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. बरे करणारा अल्लाह, आणि काम डॉक्टरांच्या गोळ्यांनी केले. कांद्याने एवढेच केले की भाकरी घशाखाली उतरू लागली. रमजानच्या आधी दीड किलो वजन वाढले. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बांधून दिल्या आणि चक्कर आली तर रोजा सोडायचा, या अटीवर परवानगी दिली. चार रोजे सुटले. बाकीचे त्यांनी ठेवले. अलहम्दुलिल्लाह.

दोन गोण्यांपैकी एक गोणी आम्ही शेजारीपाजारी वाटली. दुसऱ्या गोणीतून जेवढा जमेल तेवढा कांदा आठवड्याला एक बरणी या हिशेबाने सत्कारणी लागला. ईदच्या दिवशी एक बरणी त्या शेतकऱ्याच्या घरी गेली. शीरखुर्म्याच्या डब्याशेजारी ठेवलेल्या गुलाबी बरणीकडे बघून तो म्हणाला, "हा माझाच कांदा का?" आणि हसला. त्या हंगामात त्याला आम्ही पहिल्यांदाच हसताना पाहिले.

आणि अब्बा? सातव्या-आठव्या बरणीनंतर एकदा जेवता जेवता म्हणाले, "बेटा, तुमच्या अम्मींच्या कांद्यात गूळ कमी असायचा आणि मिरची जास्त."

आम्ही म्हटले, "मग आता तसा करू."

ते म्हणाले, "नको. हा तुमचा आहे, असाच राहू दे." आणि वाटी पुढे केली.

तुमच्या घरी सिरक्याचा कांदा कसा होतो, नानींच्या-दादींच्या हातचे त्यात काय वेगळे असते, ते या मासिकाकडे जरूर लिहून पाठवा. आणि ज्यांच्या घरी अजून अशी म्हातारी माणसे आहेत त्यांनी आजच वही काढा. माप विचारून घ्या, लिहून ठेवा. आम्ही विचारले नव्हते.